तोरसकरांनी कापलेलं कडवं

सीताराम तोरसकरांविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण त्यांच्याविषयी मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, मला ठाऊक नाही. गाव मालवणकडचं, एवढं बोलण्यावरून कळायचं. नेमकं कुठलं, ते मी कधी विचारलं नाही. राहायला कॉटन ग्रीनच्या बाजूला कुठल्याशा गोदामाच्या माळ्यावर होते असं ऐकलं होतं. तिथं मी गेलो नाही. दीड वर्ष आम्ही एकत्र काम केलं आणि त्यातला बराचसा वेळ ते माझ्याकडे पाठ करून तारा जोडत असायचे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं होती. ती आता राहिली नाहीत, किंवा मला सापडली नाहीत.

मी त्या वेळी परळच्या एका मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी लालबागच्या गंगाधर काटे शाहिरांच्या कलापथकात पेटी वाजवायचो. पेटी बरी वाजवायचो, इतकंच. गंगाधर साताऱ्याकडचे, साचेखात्यात मागावर कामाला. शेकडो माग धडधडत असतानाही त्यांची हाक दोन रांगा पलीकडे जाते असं लोक म्हणत, आणि त्यांचा पवाडा एकदा ऐकला की ते खरं वाटे. ढोलकीला शिवा होता, मागे झील धरायला तिघंचौघं. छप्पन्न साल होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोज कुठे ना कुठे असत. पुढारी यायच्या आधी गर्दी जमवायला आणि जमलेली गर्दी बसवून ठेवायला कलापथक लागे.

तोरसकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते परळच्या नरे पार्कात. ते कुठल्याच दुकानाच्या नोकरीत नव्हते. कर्णे भाड्याने देणारे त्यांना बोलवत, नाटकवाले बोलवत, फोर्टातली एक रेकॉर्ड कंपनी बोलवी. काम झालं की आपली लाकडी पेटी उचलायची आणि चालू लागायचं. त्या पेटीत जुन्या स्वेटरच्या तुकड्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा मायक असे. आमची मंडळी त्यांना मायकवाला म्हणत. ते बरोबर नव्हतं. मायक लावणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यात सोपं काम होतं.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकदा गायला लावलं, डोळे बारीक करून ऐकलं आणि खिशातून खडू काढून स्टेजच्या फळ्यांवर खुणा करायला सुरुवात केली. शिवाची ढोलकी उजवीकडे मागे, खाली गोणपाट. माझी पेटी मायकच्या अगदी पायाशी. झीलकरी अर्धगोलात. आणि गंगाधरांसाठी त्यांनी मायकपासून तीन पावलं मागे फुली मारली.

गंगाधर फुलीकडे बघत राहिले. म्हणाले, "शाहीर मागं आन पेटी म्होरं? पेटी काय पवाडा गाणार हाय?"

तोरसकर खडूचे हात झटकत म्हणाले, "शाहीर, तुमचा आवाज चालत येतो. मास्तरांच्या पेटीला ट्राम लागते."

सगळे हसले, मीसुद्धा. गंगाधर कुरकुरत फुलीवर जाऊन उभे राहिले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला स्वतःची पेटी कर्ण्यातून ऐकू आली. त्याआधी वर्षभर मी वाजवत होतो ते माझं मलाही ऐकू आलेलं नव्हतं.

आता म्हणे एकेका वाद्याला वेगळा मायक असतो आणि आवाज कमीजास्त करायला बटणांच्या ओळीच्या ओळी असतात. तोरसकरांकडे एक मायक होता आणि एक खडू. कोणाचा आवाज किती, हे ते पावलांनी ठरवायचे. कुठल्या कडव्याला कोणी पुढे यायचं, कुठं शिवाने नुसत्या बोटांनी वाजवायचं, कुठं मी पेटी पूर्ण थांबवायची, हेही हळूहळू तेच सांगू लागले. गंगाधर आधी भांडायचे, मग करून बघायचे आणि मग ते स्वतःलाच सुचल्यासारखं इतरांना सांगायचे. तोरसकरांना त्याचं काही वाटत नसे.

कार्यक्रम सुरू झाला की ते मशीनपाशी थांबत नसत. गर्दीच्या कडेकडेने चालत थेट शेवटच्या रांगेच्याही मागे जात. तिथं बायका उभ्या असत, चणेवाले असत. तिथं कान देऊन ऐकत, परत येत आणि कर्ण्याचं तोंड चार बोटं फिरवत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पुढच्यांना काय, मायक नसता तरी ऐकू येईल. शेवटच्या बाईला शब्द कळला पाहिजे.

ती शेवटची बाई बहुतेक वेळा शेवंतीबाई धुरी असायच्या. त्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे. शेवंतीबाई आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहत. नवरा वारलेला, त्या मिलच्या वाइंडिंग खात्यात कामाला. एकुलता एक मुलगा रघुनाथ, एकोणीस वर्षांचा, बदली कामगार. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा त्याच्या मांडीत गोळी गेली. तो तिथं मेला नाही. जखम चिघळली, ताप चढत-उतरत राहिला आणि मार्चमध्ये घरीच गेला. त्यामुळे हुतात्म्यांच्या याद्या झाल्या त्यात त्याचं नाव आलं नाही. कोणी मुद्दाम गाळलं असं नाही. याद्या होत होत्या तेव्हा तो जिवंत होता. नंतर कोणाकडे जाऊन सांगायचं, हे शेवंतीबाईंना कळलं नाही, आणि चाळीतल्या आम्हा लिहितावाचता येणाऱ्यांनीही ते केलं नाही.

केलं ते फक्त गंगाधरांनी. त्यांनी गोळीबाराच्या पवाड्यात शेवटून दुसरं कडवं रघूचं घातलं:

चाळीमधला पोर रघुनाथ, धुरी शेवंतीचा
एकोणिसाव्या वर्षी झाला अवघ्या मुलखाचा, जी जी रं जी

त्याच्यानंतर शेवटचं कडवं, शाहिराच्या छापेचं. पवाड्याच्या अखेरीस शाहीर आपलं नाव गुंफतो, त्याला आमच्यात छाप म्हणत. ती म्हटल्याशिवाय पवाडा संपला असं कोणी धरत नाही, आणि ती नसेल तर पवाडा कोणाचा हेही राहत नाही.

शेवंतीबाई आमच्या जवळपासच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत. चाळीस मिनिटं उभ्या राहून त्या दोन ओळी ऐकत आणि छाप सुरू व्हायच्या आत घरी निघत, कारण सकाळची पाळी असे. तोरसकरांना हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. पण ते नेमके त्या कडव्याला शेवंतीबाईंजवळ जाऊन उभे राहू लागले. मी एकदा पाणी प्यायला मागे गेलो असताना त्यांचं बोलणं ऐकलं. त्यांनी विचारलं, "वयनी, नाव इलां?" म्हणजे नाव आलं का, पोचलं का. त्या म्हणाल्या, "इलां." एवढंच. तोरसकरांच्या दृष्टीने त्या दिवसाचा हिशेब मिटला.

सत्तावनच्या निवडणुकीत समितीची माणसं निवडून आली आणि फोर्टातल्या त्या रेकॉर्ड कंपनीला वाटलं, आता हे पवाडे खपतील. तोरसकरांनीच गंगाधरांचं नाव सुचवलं. कंपनीची अट अशी की सभेतल्या घोषणा रेकॉर्डमध्ये नकोत, नुसतं गाणं हवं. दुसरी अट कंपनीची नव्हती, रेकॉर्डचीच होती. एका बाजूला तीन मिनिटं वीस सेकंद. त्यापुढे जागाच नाही.

चाळीस मिनिटांचा पवाडा तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय, ते आम्ही महिनाभर अनुभवलं. गंगाधरांच्या खोलीत दर रविवारी बसायचो. तोरसकर मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवायचे. एकेक कडवं गळायला लागलं की गंगाधर म्हणायचे, माझी बोटं तोडतोयस. तोरसकर म्हणायचे, नखं आहेत, शाहीर. एका रविवारी तर गंगाधर डफ घेऊन जिन्यात जाऊन बसले. पण दोन कडव्यांविषयी वाद झाला नाही. रघूचं कडवं आणि छाप. शेवंतीबाईंना तर गंगाधरांनी स्वतः शब्द दिला होता. मी तिथं होतो. ते म्हणाले, "काकी, सभा उठली की आमचं गाणं उठतं. रेकॉर्ड ऱ्हाती. रघूचं नाव आता कुनाच्या बापाला पुसता यायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी शेवंतीबाईंनी सगळ्या पथकाला नारळाच्या रसातल्या खापरोळ्या करून पाठवल्या.

दसऱ्यानंतर फोर्टात रेकॉर्डिंग झालं. गादीसारख्या भिंतींची खोली होती; एक काच, काचेपलीकडे कंपनीचा माणूस. तोरसकर आमच्यात उभे, हातात घड्याळ. आमच्यानंतर दुसरी पार्टी बाहेर बसलेली होती, त्यामुळे आम्हाला दोनच संधी होत्या. पहिल्या खेपेला गंगाधरांनी सवयीने पाय आपटला आणि सगळं बिघडलं. त्यांना चपला काढून गोणपाटावर उभं केलं. दुसरी खेप सुरू झाली.

आता माझी चूक सांगतो. सभेत काय व्हायचं, की पवाड्याच्या प्रत्येक चौकाच्या, म्हणजे खंडाच्या शेवटी गंगाधर डफ वर करून "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचे आणि समोरून हजारो माणसं उत्तर द्यायची, झालाच पाहिजे. ते उत्तर होईपर्यंत आम्ही थांबायचो. मग मी पेटीवर सूर द्यायचो आणि पुढचं कडवं सुरू व्हायचं. पेटीने उठवल्याशिवाय कोणी उठायचं नाही, असं आमच्यात ठरलेलं होतं. रविवारच्या तालमीत तोरसकर अंगठा हलवायचे आणि मी न थांबता पुढचा सूर द्यायचो. पण वाजवताना माझे डोळे मिटतात. त्या खोलीत, इतक्या शांततेत, मी घाबरून डोळे घट्ट मिटले. गंगाधर "संयुक्त महाराष्ट्र" म्हणाले आणि मी थांबलो. उत्तराची वाट बघत. समोर कोणी नव्हतं. आम्ही सातजण त्या बंद खोलीत नरे पार्कातल्या माणसांची वाट बघत उभे होतो. मग माझ्या मनातलं उत्तर संपलं आणि मी सूर दिला. असं तीन वेळा झालं. तोरसकर माझ्यासमोर हात हलवत होते म्हणे. मी डोळे उघडले तेव्हा पवाडा संपला होता आणि त्यांच्या घड्याळात तीन मिनिटं बत्तीस सेकंद झाले होते.

गंगाधर खूश होते. त्यांना कळलंच नव्हतं. तेही वाट बघत होते. कंपनीच्या माणसाने काचेतून बोटं दाखवली, बारा सेकंद जास्त. तोरसकर म्हणाले, मी बसवतो.

त्या आठवड्यात पथक निपाणी-बेळगावकडे गेलं. मला रजा मिळाली नाही. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. तोरसकर दुपारी टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मास्तर, जरा येता का, पेटीचा सूर जुळतो की नाही ते सांगायला माणूस हवा. सोमवारी रेकॉर्डिंगची टेप कारखान्याला जायची होती.

टेप कशी कापतात ते मी त्या दिवशी पाहिलं. तपकिरी फितीची दोन चाकं, त्यांच्यामधून फीत हाताने पुढे-मागे ओढायची. आवाज ओढला जातो, म्हशीसारखा हंबरतो. जिथं तो अगदी बंद होतो तिथं पिवळ्या पेन्सिलीने खूण, मग दाढीच्या ब्लेडने तिरका काप, आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तोरसकरांची बोटं जाड होती, पण हे काम ते सुईत दोरा ओवावा तसं करत होते. पहिला थांबा कापला, जोडला, मला ऐकवला. कुठं काही कळत नव्हतं. दुसराही तसाच. आठ सेकंद गेले. तिसरा मात्र निघेना. तिथं शिवाने जोरात थाप मारली होती आणि तिचा घुमार त्या सगळ्या थांब्यात पसरला होता. कापला की चालता चालता ठेच लागल्यासारखं व्हायचं. त्यांनी पाच-सहा वेळा वेगवेगळ्या जागी करून पाहिलं. प्रत्येक वेळी मी मान हलवली. शेवटी त्यांनी तो थांबा होता तसा परत जोडला.

चार सेकंद उरले. मधलं कुठलंही कडवं काढायला गेलं तर ढोलकीची लय तुटत होती, कारण एकात एक गुंतलेली होती. फक्त शेवटच्या दोन कडव्यांपैकी प्रत्येकाच्या आधी गंगाधरांनी पुरता श्वास घेतला होता. तिथंच काप शक्य होता. म्हणजे रघूचं कडवं काढायचं, नाहीतर छाप.

तोरसकरांनी ब्लेड टेबलावर ठेवलं. गंगाधरांना विचारायची सोय नव्हती. ते त्या दिवशी कुठल्या गावात आहेत हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "मास्तर, काय करू? छाप काढू की पोरगा काढू?"

मला उत्तर माहीत होतं. रस्त्याने येतानाच ते मला माहीत होतं. हे सगळं माझ्या मिटलेल्या डोळ्यांमुळे झालं आहे, हेही माहीत होतं. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोण कुठं उभा राहील हे जोखताना ते पाहायचे, तसं. मग "बरं" म्हणाले आणि छाप कापली. कापलेला तुकडा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, पाकिटात घातला आणि पाकिटावर गंगाधरांचं नाव लिहिलं. नंतर सबंध पवाडा आम्ही एकदा ऐकला. धुरी शेवंतीचा, अवघ्या मुलखाचा, जी जी रं जी. आणि शांत. वाईट वाटत नव्हतं. पण शाहिराच्या कानाला तो दार उघडं टाकून गेल्यासारखा वाटणार, हे मलाही कळत होतं.

गंगाधर परत आल्यावर तोरसकर त्यांना सांगायला दोनदा आले होते, असं मला नंतर कळलं. एकदा ते दुसऱ्या पाळीला होते, एकदा मोर्चात. मी तर गंगाधरांना रोज भेटत होतो. रोज ठरवायचो.

रेकॉर्ड आली ती अठ्ठावनच्या सुरुवातीला. रविवारी सकाळी चाळीच्या गणेश मंडळाच्या खोलीत ग्रामोफोन लावला. खोली भरली होती, जिन्यातही माणसं. गंगाधर इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले होते. शेवंतीबाई दाराशी उभ्या होत्या. आत बोलावलं तरी आल्या नाहीत. तोरसकर त्यांच्याच पलीकडे, भिंतीला टेकून.

पवाडा सुरू झाला. पहिल्या दोन चौकांना कोणाला काही जाणवलं नाही. तिसऱ्या चौकाला गंगाधर रेकॉर्डमधून "संयुक्त महाराष्ट्र" म्हणाले, ढोलकी घुमली, आणि त्या चार सेकंदांत खोलीतली आणि जिन्यातली सगळी माणसं एका आवाजात ओरडली, झालाच पाहिजे. नेमकं तेवढ्यात बसलं. पेटी उठली. लोक हसले, शिवाने मांडीवर थाप मारली. मी तोरसकरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

मग रघूचं कडवं आलं. खोलीत कोणी हललं नाही. शेवंतीबाईंनी पदर तोंडाशी नेला नाही की काही नाही. मान थोडी कलती करून ऐकत होत्या, नरे पार्कात ऐकत तशा. आणि सुई आत जाऊन खरखरायला लागली.

गंगाधर सुईकडे बघत थांबले. त्यांना वाटलं, काही अडकलं आहे. मग म्हणाले, "माझी छाप कुठाय?"

तोरसकर म्हणाले, "कापली. बसत नव्हती."

"कुनाला इचारून?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. तोरसकरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोणाला नाही. मीच ठरवलं." आणि खिशातून पाकीट काढून पुढे केलं. "ही तुमची छाप. टाकली नाही मी."

"हिचं काय करू? लोनचं घालू?"

"शाहीर, तुमचं नाव रेकॉर्डवर कागदात छापलंय. त्या पोराचं कुठंच नाही."

"कागद निघून जातो, तोरसकर," गंगाधर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून तो ऐकवत नव्हता. "उद्या कुनीबी उठंल आन म्हणंल ह्ये कवन माझं. मी काय पुरावा दावू? त्या पोराचं नाव मीच घातलं ना? का तुम्ही घातलं?"

ते खरंच होतं. पाकीट तोरसकरांच्या हातात तसंच राहिलं. दारातून शेवंतीबाई म्हणाल्या, "परत लावशात काय रे एकदा?" त्यांना भांडण कशाचं आहे हे कळलं नव्हतं. कोणीतरी परत लावली. गंगाधर उठून बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही तरी माझ्याबरोबर हाय न्हवं? मी हो म्हणालो.

गंगाधर वाईट माणूस नव्हते. आपली रेकॉर्ड त्यांनी त्याच संध्याकाळी शेवंतीबाईंना देऊन टाकली. पण तोरसकरांनी शाहिराची छाप कापली, ही गोष्ट ते विसरले नाहीत आणि ती पथकापथकांत पसरली. शाहीर मंडळींत याहून मोठा गुन्हा नाही. पुढच्या सभांना मायक लावायला दुसरे कोणी येऊ लागले. ते आम्हाला एका रांगेत उभे करत आणि माझी पेटी पुन्हा ऐकू येईनाशी झाली. गंगाधरांची भीतीही खोटी ठरली नाही. वर्षाच्या आत नागपाड्याकडच्या एका पथकाने तो पवाडा स्वतःचा म्हणून म्हटला, रघूच्या कडव्यासकट. रघूचं नाव आम्ही कधी गेलो नाही तिथं गेलं, आणि गंगाधरांचं गेलं नाही.

शेवंतीबाईंकडे ग्रामोफोन नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी त्या ती रेकॉर्ड पदराखाली घेऊन मंडळाच्या खोलीत येत आणि एकदाच ऐकून परत नेत. एकदा मी एकटाच तिथं होतो. त्यांनी मला विचारलं, तो मायकवालो खंय असता हल्ली? मी म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, त्याका सांग, नाव इलां म्हणून. मी सांगतो म्हणालो.

पथक मी त्याच उन्हाळ्यात सोडलं. ऑफिसचं कारण दिलं.

तोरसकर मला त्यानंतर एकदाच भेटले. साठ सालच्या मे महिन्यात, राज्य होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दादरला एका मंगल कार्यालयावरून जात होतो, तर दाराशी एक माणूस कोपराभोवती तार गुंडाळत उभा. त्यांनीच मला आधी ओळखलं. मास्तर, म्हणाले. केस पिकले होते. मी विचारलं, कसं काय चाललंय? म्हणाले, लग्नं असतात, पूजा असतात, बरं चाललंय. शेवंतीबाईंचा निरोप मी सांगितला. त्यांनी तार गुंडाळणं थांबवलं, किती दिवसांपूर्वीचा म्हणून विचारलं. मी म्हणालो, दोन वर्षं झाली असतील. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले.

मग मला जे बोलायचं होतं ते मी मनात जुळवायला लागलो. की त्या दिवशी मी तुमच्याबरोबर होतो, हे मी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, दोन वर्षं तयार होतं. आत मंगलाष्टकं सुरू झाली. तोरसकरांनी हात वर करून मला थांबवलं, कर्ण्याकडे कान देऊन ऐकलं, आत जाऊन काहीतरी फिरवून आले. परत आले तेव्हा माझं वाक्य मोडलं होतं.

"पेटी वाजवता का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. ट्रंकेवर ठेवलीय."

"आठवड्यातून एकदा तरी भाता हलवत जा. नुसती ठेवली की झुरळं चामडं खातात."

"बरं," मी म्हणालो. "येतो मग."

"या."